आईचा जुना लॅपटॉप, त्यातलं २००१ चं वायरलेस कार्ड आणि घरचं वायफाय: जोडणी जमेल का?

जाईजुई (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मदत हवी आहे.

माझी आई ७४ वर्षांची आहे. वाई तालुक्यातल्या गावांमधून फिरून तिने जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि २००१ पासून त्या एकाच लॅपटॉपवर टंकत आली. लॅपटॉप मामाने अमेरिकेतून आणून दिलेला. पेंटियम टू, ६४ एमबी रॅम, ६ जीबीची डिस्क, विंडोज ९८ सेकंड एडिशन. मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर त्याच काळातलं. त्याचं हार्डवेअर लॉक मागच्या प्रिंटर पोर्टला लावलं तरच ते उघडतं, आणि नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नाही. त्यामुळे टंकन तिथेच होणार. तिची बोटं त्या कळफलकावर बसलीत. अजून तीन वह्या टंकायच्या राहिल्यात आणि तिला रोज दोन तास हे काम हवंच असतं.

आजवर फ्लॉपीवर भागत होतं. गेल्या महिन्यात फ्लॉपी ड्राइव्हने मान टाकली. पेन ड्राइव्ह लावला तर विंडोज ड्रायव्हरची डिस्क मागतं. दोनशेच्या वर फाइली आत अडकल्यात आणि त्यांतल्या गेल्या वर्षभराच्या फाइलींची दुसरी प्रत कुठेच नाही. हे लिहितानाही पोटात गोळा येतोय.

मामाने लॅपटॉपबरोबर एक वायरलेस कार्डही दिलं होतं. तेव्हा आमच्याकडे वायफाय नव्हतं म्हणून ते डब्यातच राहिलं. परवा बाहेर काढलं. डाव्या बाजूच्या खाचेत नीट बसतं, काळं टोक बाहेर राहतं आणि त्यावर एक बारीक हिरवा दिवा लागतो. वर ओरिनोको सिल्व्हर असं लिहिलंय. सीडीही आहे. ड्रायव्हर टाकायला घेतला तर मधेच विंडोज ९८ ची सीडी घाला म्हणतं, आणि ती सीडी आमच्याकडे नाही.

या कार्डावरून घरच्या वायफायला जोडता येईल का? दुसरा मार्ग असला तरी सांगा, पण आईचा लॅपटॉप बंद करायचा नाही एवढी एकच अट.

पाऊलवाट

ताई, आधी डिस्क वाचवा, कार्डाचं नंतर बघू. त्या लॅपटॉपच्या तळाला दोन-चार स्क्रू काढले की डिस्क बाहेर येते. तिला ४४ पिनांचा आयडीई जोड असतो. आयडीई ते यूएसबी असा अडॅप्टर मिळतो, तो लावून नव्या कॉम्प्युटरवर सगळी प्रत करून घ्या. अडॅप्टर घेताना २.५ इंची डिस्कला चालतो ना, हे विचारून घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर मिळेल.

तारायंत्री

पाऊलवाट यांना +१. वीस वर्षं फिरलेली डिस्क कधी थांबेल सांगता येत नाही. हे काम या आठवड्यातच करा. स्वतः उघडायला भीती वाटत असेल तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे समोर बसून करून घ्या, लॅपटॉप ठेवून येऊ नका.

पण रोजच्या फाइलींसाठी रोज डिस्क काढता येणार नाही, म्हणून तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर ‘हो, जमतं’ असं आहे. मी पुण्यात २००२ ते २००९ अशी सात वर्षं ही कार्डं बसवण्याचंच काम केलं. ओरिनोको हे त्यातलं सगळ्यात भरवशाचं कार्ड. ते ८०२.११बी या १९९९ च्या मानकाचं आहे, वेग कागदावर ११ मेगाबिट, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. आईंच्या फाइलींना तेवढा पुष्कळ झाला.

सीडीचं म्हणाल तर ती बहुतेक लागणारच नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोज ९८ मध्ये त्या सीडीतल्या फाइली बऱ्याचदा डिस्कवरच ठेवलेल्या असत. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात ऑप्शन्स, त्यात कॅब्स असं फोल्डर आहे का बघा. असेल तर सीडी मागणाऱ्या चौकटीत तोच रस्ता टंका. रीस्टार्ट मागेल, करू द्या. मग खाली उजवीकडे घड्याळाशेजारी कार्डाचं चिन्ह येईल. तिथपर्यंत पोचलात की कळवा, पुढचं तेव्हा सांगतो. एकदम सगळं सांगितलं तर गोंधळ होईल.

दर्याकाठ

माझ्याकडेही असाच एक संच आहे, मडगावला भावाच्या घरी. खाचेत कुठलंही कार्ड चालतं का? मी दोन-तीन जमवलीत.

तारायंत्री

दर्याकाठ, नाही. दोन पिढ्या आहेत. जुनं ते १६ बिटी पीसी कार्ड, नवं ते ३२ बिटी कार्डबस. कार्डबस कार्डाच्या जोडाकडच्या कडेला सोनेरी पट्टी असते, तिच्यावर बारीक उंचवटे. ती पट्टी दिसली तर कार्ड नुसत्या १६ बिटी खाचेत जाणारच नाही, जोर लावू नका, आतल्या पिना वाकतात. उलट १६ बिटी कार्ड कार्डबस खाचेत बिनधास्त चालतं. साधारण १९९७ नंतरच्या लॅपटॉपना कार्डबस खाच असते. बी मानकाची बहुतेक कार्डं १६ बिटी, जी मानकाची कार्डबस.

अजून एक. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) पीसी कार्ड कंट्रोलरचा मोड निवडता येतो. विंडोज ९८ ला कार्ड दिसलंच नाही, तर तिथे जाऊन कार्डबस मोड आहे का ते बघायचं.

उत्रेख्तकर

धागा वाचून राहवलं नाही. मी गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला राहतो. तुमच्या आईंच्या लॅपटॉपमधल्या कार्डाचं मूळ माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. इथून दक्षिणेला न्यूवेखाइन नावाचं गाव आहे. तिथल्या एनसीआर कंपनीच्या केंद्रात वेव्हलॅन, म्हणजे या कार्डांचं पूर्वरूप, जन्माला आलं. एनसीआर दुकानातली गल्ल्याची यंत्रं बनवायची. दुकानाची मांडणी बदलली की वायरी पुन्हा टाकाव्या लागत, ते टाळायला बिनतारी जोडणीचा शोध सुरू झाला. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९८५ मध्ये यासाठी लागणारे रेडिओलहरींचे पट्टे विनापरवाना खुले केले होते, त्याचा फायदा मिळाला. त्याच चमूतले विक हेस पुढे १९९० पासून दहा वर्षं वायफायचं मानक ठरवणाऱ्या आयईईईच्या ८०२.११ समितीचे अध्यक्ष होते.

वेव्हलॅनचा हा व्यवसाय एनसीआरकडून एटी अँड टीकडे, तिथून ल्यूसंटकडे आणि पुढे अगेरेकडे गेली. ओरिनोको हे ल्यूसंटच्या काळातलं नाव. अॅपलने जुलै १९९९ मध्ये आयबुकबरोबर एअरपोर्ट कार्ड आणलं, त्याच्याही पोटात हेच ल्यूसंटचं कार्ड होतं.

धाग्याला याचा थेट उपयोग नाही, पण वाईच्या ओव्या या कार्डातून जाणार हे वाचून फार बरं वाटलं.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्रेख्तकर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, गल्ल्याच्या यंत्रासाठी केलेलं जात्याच्या कामी आलं.

आधी महत्त्वाचं. अडॅप्टर आणला, शेजारच्या दादांनी डिस्क काढून दिली, सगळी प्रत झाली. काल रात्री महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपले.

तारायंत्री, कॅब्सचं फोल्डर तिथेच होतं! ड्रायव्हर बसला. घड्याळाशेजारी चिन्ह आलं. आता अडचण अशी की कार्डाच्या क्लायंट मॅनेजर या प्रोग्रॅममध्ये स्कॅन केलं की चार नावं दिसतात. खालच्या मजल्यावरचे, समोरचे, दोन कोणाची माहीत नाही. आमचंच नाव दिसत नाही! राउटर त्याच खोलीत आहे, लॅपटॉपपासून चार हातांवर. फोनवर आमचं वायफाय पूर्ण दांड्या दाखवतं. आई म्हणते, शेजाऱ्यांचं दिसतंय म्हणजे कार्डाचे डोळे चांगले आहेत.

दर्याकाठ

राउटरमध्ये नाव लपवलेलं असेल. किंवा ५ गिगाहर्ट्झवर असेल, ते बी कार्डाला दिसत नाही.

जाईजुई

लपवलेलं नाही. २.४ आणि ५ ची नावं वेगळी ठेवली आहेत, मी २.४ चंच शोधतेय.

तारायंत्री

आईंचं बरोबर आहे, कार्ड ठणठणीत आहे. लॅपटॉप अमेरिकेतून आला असं तुम्ही म्हणालात, तिथेच उत्तर असावं. फोनवर वायफाय अॅनलायझरसारखं एखादं अॅप टाका आणि तुमचा राउटर २.४ वर कुठल्या चॅनेलवर आहे ते बघून सांगा.

जाईजुई

१३. शेजाऱ्यांचे १, ६, ६ आणि ११.

तारायंत्री

सापडलं. अमेरिकेत या पट्ट्यात १ ते ११ एवढेच चॅनेल वापरतात. तिथे विकलेल्या कार्डात ही मर्यादा कार्डातच लिहिलेली असते, विंडोजमध्ये देश बदलून ती जात नाही. आपल्याकडे १ ते १३ चालतात. तुमच्या राउटरने ‘ऑटो’मध्ये सगळ्यात मोकळा चॅनेल म्हणून १३ निवडला. कार्डाच्या दृष्टीने त्या जागेवर काही नाहीच.

राउटरमध्ये चॅनेल ‘ऑटो’ऐवजी १, ६ किंवा ११ वर पक्का करा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ६ वर दोन शेजारी आहेत, तर १ किंवा ११ घ्या.

पण थांबा. हे फक्त नाव दिसण्यासाठी. नाव दिसलं तरी आत जाता येणार नाही, कारण तुमचा राउटर डब्ल्यूपीए२ या नव्या कुलपावर असणार. ते २००४ चं. हे कार्ड त्याच्या आधीचं आहे, त्याला फक्त वेप हे जुनं कुलूप येतं.

दर्याकाठ

मग राउटरचंच कुलूप बदलून वेप करा की. मी भावाकडे तसंच केलं, सगळं चालतंय.

पाऊलवाट

दर्याकाठ, आजच्या आज ते परत फिरवा. खरंच सांगतो. त्याच जाळ्यावर भावाचा फोन, बँकेचे व्यवहार, सगळं चालत असेल.

तारायंत्री

पाऊलवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. जाईजुई, तुम्हीही घरच्या राउटरला वेप लावू नका. कारण नीट सांगतो, कारण ‘वेप वाईट’ एवढंच ऐकून लोक सोडून देतात.

वेपमध्ये प्रत्येक पाकिटाला (हवेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) एक सुरुवातीचा आकडा लागतो आणि तो उघडाच जातो. त्या आकड्याला जागा फक्त २४ बिटांची, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांच्या आसपास आकडे. वर्दळीच्या जाळ्यावर ते लवकर संपतात आणि तेच तेच पुन्हा येतात. २००१ मध्ये फ्लुरर, मांटिन आणि शमीर या तिघांनी दाखवून दिलं की काही ठरावीक आकड्यांतून किल्लीची अक्षरं एकेक करून बाहेर पडतात. त्यातले शमीर म्हणजे आरएसए या प्रसिद्ध कूटपद्धतीच्या नावातले एस. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते आणखी खाली आणलं: ४० हजार पाकिटं हाती आली की १०४ बिटी किल्ली सापडण्याची शक्यता निम्मी, आणि काम एका मिनिटाच्या आत. जिन्यात बसलेल्या कोणाला एवढा वेळ पुरेल.

म्हणून मार्ग असा. घरात जुना राउटर पडलाय का? ब्रॉडबँड बदललं की आधीचा माळ्यावर जातो, बऱ्याच घरांत असतो. तो काढा. त्याला इंटरनेटची वायर लावायचीच नाही. तो फक्त आईंच्या लॅपटॉपचा आणि नव्या कॉम्प्युटरचा. त्याच्यावर वेप, आणि काम असेल तेवढा अर्धा तासच चालू. नवा कॉम्प्युटर त्याला वायरने जोडा आणि तेवढा वेळ नव्या कॉम्प्युटरचं घरचं वायफाय बंद ठेवा. कोणी किल्ली फोडलीच तरी पलीकडे काही नाही.

उत्रेख्तकर

तारायंत्री, याहून स्वच्छ मार्ग म्हणजे लॅपटॉपला वायरचं इथरनेट कार्ड आणि पुढे एक छोटा राउटर क्लायंट मोडमध्ये. कुलपाचं सगळं काम राउटर करतो, लॅपटॉपला डब्ल्यूपीए२ कळायची गरजच नाही. मी माझ्या जुन्या यंत्राला तसंच केलंय.

तारायंत्री

मान्य. इथरनेट पोर्ट असता तर मीही तेच सुचवलं असतं. जाईजुईंच्या लॅपटॉपला पोर्ट नसावा, आणि पीसी कार्डाचं इथरनेट घेताना त्याची शेपटीसारखी वायरही सोबत मिळायला हवी. ती वायर हरवलेली कार्डं ढीगभर मिळतात, उपयोग शून्य. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारा, वायरीसकट दिसलं तर घेऊन ठेवा. तोवर हातात आहे त्यावर काम करू.

जाईजुई

पोर्ट नाही, बरोबर. माळ्यावर एक राउटर निघाला, २०११ च्या सुमाराचा. चालू होतोय. काय काय लावू?

तारायंत्री

क्रमाने करा, ताई.

पहिलं, राउटरचा पॅनेल वायरने उघडा. वायरलेस मोड ‘बी/जी’ असा ठेवा. ‘एन’ चालू असेल तर बरेच राउटर वेप निवडूच देत नाहीत, कारण एन मानकात वेपला जागा नाही. चॅनेल १ किंवा ११. नाव साधं ठेवा, इंग्रजी अक्षरं, मधे मोकळी जागा नको.

दुसरं, वेपमध्ये ‘ओपन सिस्टिम’ निवडा, ‘शेअर्ड की’ नको. नावावरून शेअर्ड की जास्त भक्कम वाटतं, पण त्यात उलट किल्लीचा माग अधिक मिळतो. किल्ली क्रमांक १.

तिसरं, कार्डाच्या बाजूला क्लायंट मॅनेजरमध्ये नवं प्रोफाइल करा, तेच नाव, तीच किल्ली. नवं नाव ठेवताना लहान-मोठी अक्षरं सारखीच हवीत.

मग स्टार्ट, रन, त्यात विनआयपीसीएफजी टंका. वरच्या यादीत आधी पीपीपी अडॅप्टर दिसेल, ती मोडेमची जागा. यादी उघडून ओरिनोको निवडा आणि आयपी पत्त्याचा आकडा बघा. १९२.१६८ ने सुरू झाला तर जिंकलात.

जाईजुई

दोन गोष्टींवर अडले. एक, मी राउटरवर १३ अक्षरांची किल्ली ठेवली. क्लायंट मॅनेजरच्या चौकटीत पाच अक्षरांपुढे टंकताच येत नाही! मग पहिली पाचच टाकली. दोन, तरीही जोडणी झाली. सिग्नल पूर्ण, चिन्ह हिरवं. पण आकडा १६९.२५४ ने सुरू होतोय आणि कॉम्प्युटर काही दिसत नाही. हिरवं असून चालत का नाही?

तारायंत्री

दोन्ही एकाच गाठीत आहेत, आणि चूक माझी. धाग्याच्या सुरुवातीलाच तुम्ही ‘सिल्व्हर’ लिहिलं होतंत, माझ्या लक्षात यायला हवं होतं. ओरिनोको दोन प्रकारांत यायचं. सिल्व्हरला लहान किल्ली, ४० बिटी. खोक्यावर ६४ लिहायचे, कारण तो २४ बिटांचा आकडा त्यातच मोजायचे. पाच अक्षरं किंवा दहा हेक्स अंक. गोल्डला मोठी, १०४ बिटी, तेरा अक्षरं. राउटरवर ६४ बिट निवडून पाचच अक्षरं ठेवा.

आता हिरवं का? ‘ओपन सिस्टिम’मध्ये जोडणी होताना किल्ली कोणी तपासतच नाही. चुकीची किल्ली असली तरी राउटर ‘या’ म्हणतो आणि सिग्नल पूर्ण दाखवतो. पण त्यानंतरचं प्रत्येक पाकीट चुकीच्या किल्लीने गुंडाळलेलं, राउटर ते उघडू शकत नाही, टाकून देतो. लॅपटॉप पत्ता मागत राहतो, उत्तर येत नाही, मग विंडोज ९८ स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेतं. या जुन्या कार्डांवर सिग्नल पूर्ण आणि पत्ता १६९.२५४ असं दिसलं की दहातल्या नऊ वेळा किल्ली चुकलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात मोठी होती आणि लोक कार्ड बदलून बदलून थकायचे.

पाऊलवाट

हे शेवटचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

उत्रेख्तकर

एक विचारतो. भारतात तेव्हा या कार्डांना परवाना लागायचा ना? मला कॉलेजातलं अंधुक आठवतं.

तारायंत्री

हो. जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून मोकळा झाला. प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॉट, अँटेनाची मिळून ४ वॉट. त्याआधी इमारतीबाहेर जोडणी करायची म्हटलं की परवान्याचे अर्ज. दोन इमारतींमधल्या जोडणीसाठी मी भरलेले अर्ज अजून आठवतात. २००५ नंतर कामाचा वेगच बदलला. विषयांतराबद्दल माफी, जाईजुई काय झालं?

जाईजुई

१९२.१६८.१.१०१!!

पाच अक्षरं टाकली, ओके केलं, आणि काळ्या टोकावरचा दुसरा दिवा लुकलुकायला लागला. आई शेजारीच बसली होती. आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत राहिलो. बावीस वर्षं डब्यात असलेलं कार्ड.

आता फाइली कशा नेऊ? नेटवर्क नेबरहुडमध्ये नवा कॉम्प्युटर येत नाही.

तारायंत्री

अभिनंदन! आईंना नमस्कार सांगा.

नेबरहुडच्या मागे लागू नका. विंडोज ९८ ची फाइलवाटणी ज्या जुन्या पद्धतीने चालते, ती आताच्या विंडोजमध्ये बंद असते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती बंदच बरी. एफटीपी ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत वापरा. विंडोज ९८ मध्ये ते आहेच. नव्या कॉम्प्युटरवर फाइलझिला सर्व्हर टाका, फुकट आहे. त्यात आईंच्या नावाने एक खातं, एकच फोल्डर, आणि पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत नाही असा, कारण एफटीपीत तो उघडा जातो. फायरवॉल विचारेल तेव्हा परवानगी द्या.

लॅपटॉपवर एमएस-डॉस प्रॉम्प्ट उघडा, ‘सीडी’ या आज्ञेने (तबकडी नव्हे) ओव्यांच्या फोल्डरमध्ये जा, मग एफटीपी आणि नव्या कॉम्प्युटरचा पत्ता. नाव, पासवर्ड. त्यानंतर तीन शब्द: बिन, प्रॉम्प्ट, एमपुट. ‘बिन’ म्हणजे फाइल आहे तशी ने, ओळींच्या शेवटांना हात लावू नको. ते विसरू नका, आईंच्या फाइली साध्या मजकुराच्या नाहीत. ‘प्रॉम्प्ट’ने दर फाइलीला हो-नाही विचारणं थांबतं. एमपुटपुढे तारा, टिंब, तारा.

रोजच्यासाठी हेच शब्द एका फाइलीत लिहून ठेवता येतात आणि एफटीपीला उणे एस, विसर्गचिन्ह आणि त्या फाइलीचं नाव दिलं की सगळं आपोआप होतं. डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून द्या. आईंनी फक्त दोनदा क्लिक करायचं.

पाऊलवाट

पेन ड्राइव्हचंही सांगून ठेवतो, पर्याय म्हणून. विंडोज ९८ ला एनयूएसबी नावाचा ड्रायव्हरसंच टाकला की बहुतेक पेन ड्राइव्ह चालतात, एफएटी३२ केलेले हवेत. आता एफटीपी चालू झालं की तो संच तिकडूनच लॅपटॉपवर आणता येईल. एका रस्त्यावर अवलंबून राहू नये.

दर्याकाठ

भावाकडचं वेप काल काढलं. जुना राउटर वेगळा केला, तुमच्या पद्धतीने. पाऊलवाट, धन्यवाद, तुम्ही कडक बोललात म्हणून उठलो.

एक प्रश्न. लिनक्स टाकून हेच कार्ड डब्ल्यूपीएवर नेता येईल का?

तारायंत्री

ओरिनोकोसाठी लिनक्समध्ये चांगला ड्रायव्हर होता आणि नव्या फर्मवेअरसह डब्ल्यूपीएची पहिली आवृत्ती चालायची. पण लिनक्सच्या अलीकडच्या कर्नलमधून (गाभ्यातून) या पिढीचे वायरलेस ड्रायव्हर काढून टाकलेत, म्हणून जुनंच वितरण घ्यावं लागेल. ६४ एमबी रॅममध्ये तसंही जुनंच चालेल. डब्ल्यूपीए२ मात्र नाही. हौसेसाठी करा, कामासाठी वेगळा राउटरच बरा.

जाईजुई

सगळ्या आल्या. २१४ फाइली, चार मिनिटंही लागली नाहीत. मी एकेक उघडून आकार ताडून पाहिले, सगळे जुळले. शॉर्टकटला आईने ‘पाठवणी’ असं नाव दिलंय. संध्याकाळी सातला माळ्यावरचा राउटर चालू करते, पाठवणी करते, बंद करते. मला हाक मारत नाही.

नव्या कॉम्प्युटरवर फाइली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. हे अपेक्षित होतं, पण पुढे काय करायचं?

बाराखडी

हे माझं काम, म्हणून पहिल्यांदा लिहितोय. विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोडची (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या आजच्या पद्धतीची) सोय नव्हती. मंगल फॉन्ट आणि ती सोय विंडोज २००० पासून आली. त्याआधीची सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवायची. फाइलीत जे आहे ते तुकडे आहेत. म्हणून फाइल वाचायला तो फॉन्ट लागतो आणि युनिकोडमध्ये आणायला फॉन्टनुसार रूपांतर करावं लागतं.

ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर जाते. रफार बरोबर उलटा. आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र बऱ्याच रूपांतरकांत हमखास मोडतो. ओव्यांमध्ये तर गावाकडचे उच्चार जसेच्या तसे लिहिलेले असणार, तेव्हा शुद्धलेखन तपासणीच्या भरवशावर ते दुरुस्त करायला जाऊ नका. तो उच्चार हाच तुमचा ऐवज आहे.

आत्ता दोन गोष्टी करा. आईंच्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टचं नेमकं नाव लिहून आणा. आणि अशी एक ओवी निवडा जिच्यात वेलांटी, रफार, जोडाक्षर आणि हा अर्धा र सगळं येतं. तिची फाइल आणि आईंच्या वहीतल्या त्याच पानाचा फोटो मला पाठवा. कागद समोर असला की रूपांतराचा तक्ता तपासता येतो.

जाईजुई

बाराखडी, फॉन्टचं नाव मिळालं. ओवी आईनेच निवडून दिली, पसरणीच्या एका आजींची, वहीचं पान ४१. तिच्यात ‘वाऱ्यानं’ आणि ‘दुसऱ्याच्या दारी’ दोन्ही आहेत. फाइल आजच्या पाठवणीत आली. फोटो काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.